खुळखुळा नसलेले साप

मोबाइलवरच्या व्हिडिओंनी रॅटलस्नेक गडचिरोलीतल्या मुलचेऱ्यापर्यंत पोचवला आहे. हा साप फक्त अमेरिका खंडांत सापडतो. त्याच्या शेपटीच्या टोकाशी केराटिनच्या पोकळ कड्या असतात, त्या सेकंदाला पन्नासाहून अधिक वेळा हलवून तो आवाज करतो. कड्या मोजून त्याचं वय कळतं म्हणतात, ते खरं नाही. प्रत्येक वेळी कात टाकताना एक कडी वाढते, कात वर्षातून अनेकदा पडते आणि जुन्या कड्या तुटत राहतात. पण या व्हिडिओंतून आपल्याकडे रुजलेली दुसरी समजूत जास्त घातक आहे.

‘विषारी साप चावण्याआधी इशारा देतो.’

मुलचेरा-अहेरीच्या जंगलात रॅटलस्नेकच्या कुळातली नाव घेण्याजोगी म्हणजे परड, म्हणजेच घोणस. पूर्व पाकिस्तानातून येऊन इथे वसलेल्या बंगाली गावांत तिला चंद्रबोडा म्हणतात. जाड अंग, तिकोनी डोकं, पाठीवर साखळीसारखे गडद ठिपके. चिडली की कुकरची वाफ सुटावी तशी फुत्कारते. पण फुत्कार हा तिचा शेवटचा उपाय आहे. पहिला भरवसा अंगाच्या रंगावर. वाळल्या पाल्यात ती निश्चल पडून राहते, कारण हलली नाही तर दिसणार नाही, हे तिच्या शरीरात मुरलेलं आहे. मे महिन्यात तेंदूची पानं तोडताना नजर बुटक्या झुडपांवर असते आणि पाय पाल्यात. पाय अंगावर पडेपर्यंत परड गप्प राहू शकते. धान कापणीलाही तसंच: बांधीत उंदीर येतात, उंदरांमागे परड येते आणि पेंढी उचलणारा हात थेट तिच्यावर जातो. पावसाळ्याच्या तोंडाशी ती अंडी न घालता थेट पिल्लं देते, एका वेळी वीस-चाळीससुद्धा, आणि पिल्लू जन्मतःच विषारी असतं. म्हणून आवाजाची वाट पाहू नये. पायात बूट, हातात काठी आणि पेंढी उचलण्याआधी ती काठीने हलवणं, एवढं तरी करावं.

‘परड पाठलाग करते, नाग डूख धरतो.’

परडीचा झपाटा विजेचा, पण चाल मंद. दोन-चार पावलं मागे सरलं की विषय संपतो. आणि डूख धरायला माणसाचा चेहरा लक्षात ठेवावा लागतो. सापाकडून ही अपेक्षा जरा जास्तच झाली.

‘दुखलं नाही, सूज नाही, म्हणजे विष नाही.’

हे परडीच्या बाबतीत एकवेळ चाललं असतं. तिचा दंश आग लावतो, सुजतो. मण्यार मात्र रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचे दात इतके बारीक की खूणही दिसत नाही. मुंगी चावली असेल म्हणून माणूस कूस बदलतो. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं. घरच्यांना वाटतं झोप उतरली नाही, आणि तोवर श्वासाचे स्नायू लुळे पडू लागलेले असतात. गडचिरोलीत हिवतापासाठी मच्छरदाण्या वाटल्या जातात. तीच मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचली तर मण्यारही बाहेर राहते.

‘मांत्रिकाने उतरवलं.’

उतरतं, कारण बहुतेक वेळा चढलेलंच नसतं. धामण, ढोंड्या बिनविषारी. विषारी सापही कित्येकदा दात रोवून विष सोडत नाही. हे सगळे रोगी मांत्रिकाच्या खात्यात जमा होतात. खरी परड चावल्यावर जखमेवर चीर देणं तर जीवावर बेतू शकतं. तिचं विष रक्त गोठवणारे घटक संपवून टाकतं. मग चिरलेलं वाहत राहतं. दवाखान्यात याच गुणावरून निदान होतं. कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि नळी तिरकी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं, तर प्रतिविष लगेच सुरू. करकचून आवळलेली दोरीही नको. चावलेला हात किंवा पाय फळीला हलकेच बांधून, न चालवता रुग्णाला न्यावं.

‘साप मारून सोबत न्यायलाच हवा.’

या खटाटोपात दुसऱ्यालाही दंश होतो. भारतातलं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांसाठी एकत्रच बनतं, त्यामुळे मेलेला साप पाहून डॉक्टरला वेगळी बाटली निवडता येत नाही. ते लक्षणं पाहून उपचार करतात. लांबून फोटो मिळाला तर उत्तम, विशेषतः अंगावर काळे-पिवळे पट्टे असतील तर. ती पट्टेरी मण्यार. महाराष्ट्रात ती मुख्यतः पूर्व विदर्भात आढळते. दिवसा वेटोळ्यात डोकं लपवून इतकी सुस्त पडते की पोरं तिला काठीने डिवचतात. चावते क्वचितच, पण तिचं विष जहाल आहे आणि प्रतिविषाच्या त्या चौघांत ती नाही. तिच्या रुग्णाला लवकरात लवकर कृत्रिम श्वासाची सोय असलेल्या रुग्णालयात हलवावं लागतं.