बांगलादेशचा शिलाई धंदा : भांडवल नव्हते, कागद होता

गरीब मुलखांची गरिबी कशी हटवावी याची चर्चा निघाली की मदत आणि कर्ज या दोनच गोष्टी कानावर येतात. बांगलादेशच्या बाबतीत तर ग्रामीण बँकेच्या छोट्या कर्जाचीच तारीफ होते. त्या बँकेला व तिचे संस्थापक मुहम्मद युनूस यांना २००६ साली नोबेल शांतता पुरस्कारही मिळाला. आम्ही कापडवाले मात्र त्या मुलखाकडे वेगळ्या नजरेने पाहतो.

१९७९ साली देश गारमेंट्स या कंपनीने १३० माणसे दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीत काम शिकायला पाठवली. परतल्यावर काही वर्षांत त्यांतली बहुतेक कंपनी सोडून गेली. कुणी स्वतःचा कारखाना काढला, कुणी दुसऱ्याचा उभा करून दिला. मालकाचे नुकसान झाले असेल, मुलखाचे झाले नाही.

पण हुन्नर आला तरी कापडाला पैसा कुठला? परदेशी गिऱ्हाईकाची एल.सी. बँकेत ठेवायची, तिच्या जोरावर बँक कापड देणाऱ्याच्या नावे दुसरी एल.सी. उघडते. कपडे रवाना होऊन रक्कम आली की कापडाचे देणे फिटते. शिवाय बाँडेड गोदाम. बाहेरचे कापड आयातकर न भरता तेथे ठेवता येते, अट एवढीच की त्याचे कपडे परदेशीच गेले पाहिजेत. (बँक फुकट काही करत नाही, व्याजाचा सवाल यातही येतोच.) कोरियावाल्यांचे हात अमेरिका-युरोपच्या कोट्याने बांधलेले होते, तेही पथ्यावर पडले. तो कोटा २००४ अखेर संपला, तरी धंदा बसला नाही.

आज त्या देशाच्या निर्यातीत पाचातले चार हिस्से तयार कपडे आहेत आणि मशिनीवर बसणाऱ्यांत बाया जास्त. सरकारी मोजणीप्रमाणे २००० साली जवळजवळ निम्मे लोक गरीब होते, २०१६ साली चौथा हिस्सा. सारे श्रेय कपड्याचे नाही. शेतीचे आणि आखातातून येणाऱ्या पैशाचेही आहे. आणि २४ एप्रिल २०१३ रोजी सावरचा राणा प्लाझा कोसळून अकराशेवर जीव गेले. आदल्या दिवशी तडे दिसले होते, तरी मजुरांना आत बोलावले.

मालेगाव-भिवंडीत हुन्नर पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. तरी कितीतरी मागवाले व्यापाऱ्याच्या सुतावर, मजुरीने माग चालवतात. आम्ही व्यापारी असूनही सांगतो, यंत्रमागवाल्यांच्या संस्थांनी बँकांपुढे एकच मागणी धरावी : सुतासाठी पक्की ऑर्डर तारण घ्या, राहते घर मागू नका.