थांबवणं वेगळं, उडवणं वेगळं

मार्च २०१३. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा इथल्या पायथॉन परिषदेत सॉलोमन हाइक्स यांच्या वाट्याला जेमतेम पाच मिनिटं आली होती. तेवढ्यात त्यांनी एक आज्ञा देऊन कंटेनरमधून ‘हॅलो वर्ल्ड’ छापून दाखवलं आणि डॉकर जगासमोर आलं. प्रोग्रामला बंदिस्त कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवण्याची मूळ कल्पना मात्र जुनी. १९७९च्या युनिक्समधल्या ‘सीएचरूट’ने प्रोग्रामचं जग एका फोल्डरपुरतं केलं, २००० साली फ्रीबीएसडीने ‘जेल’ आणलं आणि २००८मध्ये मेमरी-प्रोसेसरचं रेशन ठरवणारे ‘सीग्रुप्स’ लिनक्सच्या गाभ्यात आले. डॉकरने हा सगळा पसारा मोजक्या आज्ञांत बसवला.

त्यातली पहिली ‘डॉकर पुल’. ती इमेज, म्हणजे साचा, उतरवून घेते. ‘डॉकर रन’ त्या साच्यातून कंटेनर काढून चालू करते. एका साच्यातून हवे तेवढे कंटेनर निघतात. ‘डॅश पी ८०८०:८०’ जोडलं, की आपल्या मशीनचं ८०८० हे दार कंटेनरच्या ८० क्रमांकाच्या दाराला लागतं. ‘लॉग्ज’ आतली बडबड ऐकवते, तर ‘एक्झेक’ने चालत्या कंटेनरमध्ये शिरता येतं.

नाव दिलं नाही, तर डॉकर स्वतःच बारसं करतं. एक विशेषण आणि एका शास्त्रज्ञाचं किंवा अभियंत्याचं आडनाव. त्या यादीत रामन आहेत, भाभा आहेत, खडकवासल्याला स्वयंचलित दारं बसवणारे विश्वेश्वरय्याही आहेत. ‘बोअरिंग वोझनियाक’ हे नाव मात्र कधीच निघत नाही. ॲपलचे स्टीव्ह वोझनियाक कंटाळवाणे नाहीत, असं म्हणून ती जोडी कोडमध्येच वर्ज्य केली आहे.

नवशिका चकतो तो पुढे. चालू कंटेनर दाखवणाऱ्या ‘डॉकर पीएस’च्या यादीत कंटेनर दिसला नाही, की तो गेलाच असं त्याला वाटतं. ‘पीएस डॅश ए’ म्हणा, थांबलेलेही दिसतील. ‘स्टॉप’ कंटेनरला आधी आवराआवर करायला सांगते, सहसा दहा सेकंद वाट पाहते आणि मगच मान पिरगाळते. तसं झालं, तर यादीत १३७ हा आकडा उमटतो: १२८ अधिक सक्तीच्या सिग्नलचा ९. मेमरी संपून कंटेनर मारला गेला, तरी बहुधा हाच आकडा दिसतो. थांबलेला कंटेनर ‘स्टार्ट’ने पुन्हा उठतो, आतल्या फायलींसकट. ‘आरएम’ने उडवला, की त्याच्या स्वतःच्या थरात लिहिलेलं सगळं जातं. इमेज राहते, ती काढायला ‘आरएमआय’ लागते. ‘सिस्टिम प्रून’ तर थांबलेले सगळेच कंटेनर एका झाडूत काढते.

आता डॉकर एकटं नाही. २०१५पासून कंटेनरचे सामायिक मानदंड ठरू लागले. रेड हॅटच्या पॉडमनमध्ये बहुतेक आज्ञा त्याच चालतात. आज्ञा आठवडाभरात हाताखाली बसतात. कंटेनर टाकाऊ आहे आणि डेटा टिकाऊ, हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. म्हणून जपायचं ते पहिल्या दिवसापासून व्हॉल्यूममध्ये, म्हणजे कंटेनरबाहेरच्या साठ्यात, ठेवा, आणि ‘प्रून’ने ‘खात्री आहे ना?’ विचारलं, की वाय दाबण्याआधी एकदा ‘पीएस डॅश ए’ पाहा.