पट सप्टेंबरचा, ऊसतोड नोव्हेंबरची

अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा. जालना जिल्ह्यातल्या या तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कुटुंबे कारखान्यांकडे निघतात. यू-डायस या शाळांच्या माहिती प्रणालीत शाळेचा पट मात्र ३० सप्टेंबरचा धरला जातो, म्हणजे गाव भरलेले असतानाचा.

मुले गावातच राहावीत म्हणून जिल्हा परिषद शाळांत हंगामी वसतिगृहे चालतात. आईवडील फडावर, मूल आजीआजोबांकडे, जेवण शाळेत. या योजनेचे यश जोखायचे तर सप्टेंबरच्या पटाशेजारी जानेवारीची रोजची हजेरी ठेवावीच लागते. एकटा पट इथे फसवा आहे.

आता पैसा. समग्र शिक्षा अभियानाच्या निकषांनुसार ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत संयुक्त शाळा अनुदान मिळू शकते. ३१ ते १०० पटाला २५,००० पर्यंत. कमाल रक्कम धरली तर तिसाच्या शाळेत मुलामागे ३३३ रुपये येतात, एकतिसाच्या शाळेत ८०६, आणि शंभराच्या शाळेत फक्त २५०. एका मुलाने एवढा फरक! म्हणून दरडोई खर्च जास्त दिसला की शाळा महागडी, हा निष्कर्ष घाईचा ठरतो. वीजबिल, खडू, दुरुस्ती यांचा खर्च पटाच्या प्रमाणात घटत नाही.

शिक्षकांचेही तसेच. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत, मग पट २२ असो वा ५८. त्यामुळे लहान शाळेची तुलना तेवढ्याच पटाच्या शेजारच्या शाळेशी करावी, तालुक्याच्या सरासरीशी नव्हे.