नळाची चाहूल

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळं तासभर मागं जातात आणि शहागंजात आमच्या घरी जेवणाची वेळ बदलते. कॅलिफोर्नियातले सकाळचे नऊ म्हणजे आमचे रात्रीचे साडेनऊ. तो रविवार उलटला की साडेदहा. मार्चमध्ये पुन्हा साडेनऊ. बदल बहुतेकदा दिवाळीच्या आगेमागे येतो. चकल्यांचे डबे भरता भरता आई विचारते, "आजपासून मीटिंग किती वाजता रे?" तिला या हिशेबाचं कारण ठाऊक नाही, पण दरवर्षी ती बरोबर त्याच आठवड्यात विचारते.

गच्चीवर गेलं की शहागंजचा निजामकालीन घड्याळाचा मनोरा दिसतो. अलीकडच्या वर्षांत स्मार्ट सिटीच्या कामात त्याची डागडुजी झाली. खाली चमन, फळांच्या गाड्या, रिक्षांची गर्दी, पलीकडं अठराव्या शतकातली शहागंजची मशीद. या मनोऱ्याकडं पाहताना मला नेहमी एक हिशेब आठवतो. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची. आपलं शहर पंच्याहत्तर अंशांच्या जरासं पुढं. एका अंशाला चार मिनिटं धरली, तर सूर्य आमच्या माथ्यावर सरासरीनं बारा वाजून अठ्ठावीस मिनिटांनी येतो. म्हणजे सूर्याची एक वेळ, मनोऱ्याची दुसरी, कॅलिफोर्नियाची तिसरी, आणि आम्ही लिहिलेले प्रोग्राम ज्या सर्व्हरवर चालतात त्यांची चौथी. ते सर्व नोंदी यूटीसीत ठेवतात, आमच्यापेक्षा साडेपाच तास मागं. माझा अर्धा दिवस या वेळा एकमेकींशी जुळवण्यात जातो. पण घर चालतं ते पाचव्या वेळेवर, नळाच्या.

शहराचं पाणी पन्नासेक किलोमीटरवरून, पैठणच्या जायकवाडीतून येतं. धरण भरलेलं असलं तरी नळाला रोज पाणी येत नाही. किती दिवसांनी येणार आणि किती वाजता, हे वस्तीगणिक आणि ऋतूगणिक बदलतं. पुण्यातल्या माझ्या सहकाऱ्यांना हे सांगितलं तर पहिल्यांदा खरं वाटत नाही. सॉफ्टवेअरवाल्याच्या रोजच्या जगण्यावर, त्याच्या छंदांवर आणि टेबलावरच्या नव्या वस्तूंवर लिहायला बसलो, तर मला पाण्यापासूनच सुरुवात करावी लागते. ते सोडून लिहिलं तर हे कुठल्याही शहराचं वर्णन होईल.

आमच्यासारखे लोक इथं आले कुठून, हेही सांगायला हवं. शहराला कारखान्यांची सवय जुनी. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ चा; चिकलठाणा आणि नंतर शेंद्रा या वसाहतींनी हजारो घरं चालवली. माझ्या पिढीच्या घरांत 'कंपनी' म्हणजे शिफ्ट, डबा आणि कामगारांची बस. शिकण्याची सोयही होती. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून, एमजीएमचं जवाहरलाल नेहरू अभियांत्रिकी १९८२ पासून, विद्यापीठाच्या आवारात नायलिट. २००१ नंतर एमएस-सीआयटीच्या वर्गांनी गल्लोगल्ली संगणक नेला. माझी पहिली ओळख तिथलीच, एका संगणकावर तिघं, आणि भारनियमनाच्या तासांत नुसतं वहीवर प्रोग्राम लिहिणं. चिकलठाण्यात सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कही आहे. तरी शिकायचं इथं आणि नोकरीला जायचं पुण्यात, हा रिवाज मोडला नाही. तो मोडला २५ मार्च २०२० नंतर. टाळेबंदीत हिंजवडीतल्या खोल्या सोडून जे घरी आले, त्यांतले सगळे परत गेले नाहीत. मी त्यांतलाच एक.

घरून काम म्हणजे स्वतंत्र खोली, रुंद टेबल, मागं पुस्तकांची मांडणी असं चित्र जाहिरातींत असतं. जुन्या शहरातल्या घरात एक खोली दिवसा बैठक असते आणि रात्री झोपण्याची. त्यामुळं नवी वस्तू घेताना पहिला प्रश्न वेगळा असतो. मेकॅनिकल कीबोर्डचंच घ्या. जर्मनीच्या चेरी कंपनीनं १९८०च्या दशकात आणलेल्या खटक्यांची ही पद्धत आता पुन्हा आवडीची झाली आहे. निळ्या खटक्यांचा टकटक आवाज येतो, तपकिरी बोटाला हलका टप्पा देतात, लाल सरळ खाली जातात. माझ्या मित्रांना निळे प्रिय. मी लाल घेतले, कारण रात्री साडेदहाला मी टाइप करतो तेव्हा हातभर अंतरावर माझी मुलगी झोपलेली असते. आजूबाजूचा आवाज कापणारे हेडफोन मात्र मी मनापासून घेतले आणि त्यांचा एक दोष महिन्याभरात कळला. त्यांतून नळाचा आवाजही येत नाही.

राउटरसाठी बारा व्होल्टची छोटी बॅटरी ही माझ्या मते गेल्या काही वर्षांतली सर्वांत उपयोगी खरेदी. वहीएवढी पेटी. वीज गेली तरी इंटरनेट तीन-चार तास टिकतं. पैठण गेटच्या मोबाइल-बाजारात ती सहज मिळते. मनगटावरचं स्मार्ट घड्याळ मी वर्षभर वापरून काढून ठेवलं. पावलं मोजून मला काही मिळालं नाही. ई-रीडर ठेवला. मराठी पुस्तकं त्यावर अजून हवी तितकी नाहीत याचं वाईट वाटतं.

मराठीचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. 'पुऱ्या' आणि 'दुसऱ्या' यांतला तो अर्धा र, डोळ्याच्या पापणीसारखा, संगणकावर नीट उमटावा यासाठी युनिकोडमधलं 'ऱ' हे वेगळं अक्षर वापरतात. त्याला हलंत जोडला की पापणी येते. हे ठाऊक नसलेल्याच्या हातून 'पुर्या' छापलं जातं. मी इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकलो तो अशा चुका पाहून. आमच्या गटात मराठी मजकूर तपासायचं काम आपणहून माझ्याकडं आलं आहे आणि ते मला पगाराच्या कामाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

छंद प्रत्येकाचे वेगळे. कुणी पहाटे सायकलवर दौलताबाद गाठतो, कुणी हिवाळ्यात जायकवाडीच्या पाणथळीवर पक्षी बघायला जातो. एक मित्र रविवारी शहराचे दरवाजे हिंडतो. १६१२ चा मलिक अंबरचा भडकल दरवाजा, दिल्ली दरवाजा, मकाई दरवाजा. प्रत्येकाचे फोटो काढून मराठी विकिपीडियासाठी देतो, ओपनस्ट्रीटमॅपवर चेलीपुरा-नवाबपुऱ्यातल्या बोळांची नावं भरतो. त्याच्यामुळं आमची गल्ली नकाशावर आली.

माझा छंद गच्चीवरच्या टाकीतून सुरू झाला.

घरात हजार लिटरची काळी टाकी. किती पाणी उरलं हे बघायला आई जिन्याची अठरा पायऱ्या चढून जायची, झाकण उचलायची, हात घालायची. तिचे गुडघे दुखू लागले तेव्हा मी ईएसपी ३२ ची एक पट्टी मागवली. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ही चिप २०१६ ची. आगपेटीएवढ्या पट्टीवर वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही, किंमत काहीशे रुपये. तिला जोडला ध्वनीचा सेन्सर. तो पाण्याच्या दिशेनं चाळीस हजार हर्ट्‌झचा आवाज सोडतो, जो माणसाला ऐकू येत नाही, आणि प्रतिध्वनी किती वेळानं परतला ते मोजतो. वेळ कळली की अंतर, अंतर कळलं की पाणी. कागदावर एका संध्याकाळचं काम. मला सात महिने लागले, आणि त्या सात महिन्यांत मी दहा वर्षांच्या नोकरीपेक्षा जास्त शिकलो.

पहिला सेन्सर दोन उघड्या डोळ्यांचा होता. टाकीत झाकणाखाली बाष्प धरतं, त्याचे थेंब डोळ्यांवर बसले आणि तिसऱ्या आठवड्यात तो मुका झाला. मग गाडीच्या बंपरमध्ये असतो तसला जलरोधक आणला. तो वीतभराच्या आतलं काही बघू शकत नाही. टाकी काठोकाठ भरली की वेडेवाकडे आकडे. झाकणावर वीतभर उंचीचा रुंद पाइप बसवून त्याला वर उचललं. मग आला मे महिना. दुपारी टाकीत आकड्यांपेक्षा पाणी कमी निघू लागलं. आई म्हणाली, "तुझं यंत्र सकाळी खरं बोलतं, दुपारी नाही." तिचं वाक्य मी शब्दशः वहीत लिहून ठेवलं, कारण दोषाची इतकी नेमकी नोंद मी कामावरही क्वचित वाचली होती.

कारण हवेत होतं. वीस अंश तापमानाला आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो. दर अंशामागं तो वेग सुमारे ०.६ मीटरनं वाढतो. उन्हात टाकीतली हवा पंचेचाळीस अंशांवर गेली की वेग ३५८ च्या आसपास. प्रतिध्वनी लवकर परततो आणि पट्टीला वाटतं पाणी जवळ आहे. टाकी भरलेली असताना ही चूक नगण्य. पण पाणी मीटरभर खाली गेलं की चार सेंटिमीटरहून जास्त, आणि आमच्या टाकीत एका सेंटिमीटरला नऊ लिटर. म्हणजे दोन बादल्यांची चूक. टाकी जितकी रिकामी, तितकी चूक मोठी. नेमकी तेव्हाच, जेव्हा त्या दोन बादल्यांवर दुसऱ्या दिवसाची आंघोळ ठरते. तापमानाचा वेगळा सेन्सर जोडून सूत्र बदललं. आई आता दुपारीही जिना चढत नाही.

मग हाव वाढली. नळाला पाणी आलं की फोन वाजावा. पाइपात छोटं चक्र बसवलं. चक्रावर चुंबक, ते फिरलं की ठोके मोजायचे. पहिल्याच खेपेला पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी सगळ्यांचे फोन वाजले. घर उठलं, शेजारचे चाचाही गॅलरीत आले. "पानी आया क्या रे?" पाणी नव्हतं. हवा होती. रिकाम्या पाइपात भरलेली हवा पाण्याच्या पुढं ढकलली जाते आणि चक्र तिच्यावरही तितकंच जोरात फिरतं. पाणी आलं वीस मिनिटांनी. शेवटी नळाखालच्या वाडग्याच्या तळाशी स्टेनलेस स्टीलचे दोन स्क्रू बसवले. दोन्ही बुडले की त्यांच्यातून वीज वाहते, हवेनं वाहत नाही. सतत वीज ठेवली तर स्क्रू झिजतात, म्हणून पट्टी दर पाच सेकंदांनी क्षणभरच विचारते.

त्या पहाटेनंतर मी नहर-ए-अंबरीबद्दल मिळेल ते वाचलं. खडकी, म्हणजे हेच शहर, वसवल्यावर मलिक अंबरनं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तरेच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीतून शहरात आणलं. शहागंजच्या मशिदीच्या अंगणातले हौद त्याच पाण्यावर भरत. बंद नहरीत कोंडलेली हवा पाण्याला अडवते, म्हणून वाटेत जागोजाग ती बाहेर पडायची सोय केलेली होती. चारशे वर्षांपूर्वी ज्या कारागिरांनी हे ओळखलं, त्यांच्या गल्लीत राहून मला ते चार वाजून दहा मिनिटांनी कळलं. त्यांच्याविषयी तेव्हापासून जो आदर वाटतो तो इतिहासाच्या पुस्तकानं दिला नव्हता.

याच काळात आमच्या धंद्यात मोठी उलथापालथ झाली. २०२२ मध्ये आधी गिटहब कोपायलट सर्वांसाठी खुलं झालं, ३० नोव्हेंबरला चॅटजीपीटी आलं. आता दिवसातला कितीतरी कोड यंत्र सुचवतं आणि आम्ही तो वाचतो, तपासतो, नाकारतो किंवा घेतो. लिहिण्यापेक्षा वाचणं वाढलं. नव्यानं नोकरीला लागलेल्या मुलांना याची धास्ती वाटते आणि ती खोटी नाही. मी टाकीचा प्रोग्राम यंत्राकडून लिहून घेतला होता. काही सेकंदांत आला, स्वच्छ होता, चालला. त्यात तापमान नव्हतं आणि पाइपातली हवाही नव्हती. मी विचारलंच नव्हतं, कारण मलाही ठाऊक नव्हतं. विचारल्यावर दोन्हींची उत्तरं त्यानं बरोबर दिली. प्रश्न मात्र आईच्या वाक्यातून आणि त्या पहाटेतून आले. गल्लीतली मुलं हे काम शिकायला येतात तेव्हा मी त्यांना आधी गच्चीवर नेतो, मग लॅपटॉप उघडतो.

आज गल्लीतल्या सहा घरांत ही पट्टी आहे. चाचांच्या घरी पडद्यावरचे शब्द उर्दूत केले. सुटे भाग कधी ऑनलाइन, कधी जाफर गेटच्या आठवडी बाजारातून. जुना ॲडॉप्टर तिथं स्वस्तात मिळतो, मात्र मीटर सोबत न्यावा आणि व्होल्ट तपासूनच घ्यावा.

सध्या मी वेगळ्याच नोंदींवर काम करतो आहे. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर आई पाणी आलं त्या तारखेभोवती पेन्सिलीनं गोल करते आणि खाली वेळ लिहिते. जुनी कॅलेंडरं तिनं टाकलेली नाहीत. अकरा वर्षांची निघाली, गादीखाली सपाट ठेवलेली. रोज रात्री मीटिंगच्या आधी मी एकेक महिना संगणकात भरतो. काही गोल पुसट झाले आहेत. तिथं तिलाच विचारावं लागतं, आणि तिला आठवतं. "हा पाऊस लांबला होता तो ऑगस्ट. हा ताईचं बाळंतपण."

गेल्या मंगळवारी मीटिंग चालू असताना फोन थरथरला. नळ. हेडफोन काढून मी मागं पाहिलं, तर आई आधीच नळाशी उभी होती, घागर लावलेली, मुलगी डोळे चोळत तिच्यामागं. माझ्या नोंदीत १०:४७ आहे. कालनिर्णयावर पावणेअकरा.