पडद्यावरचा आकडा आत्ताचा आहे का?

शहाडला उल्हास नदीतून उचललेलं पाणी भिवंडीजवळच्या टेमघरला येतं. तिथल्या केंद्रात ते शुद्ध होतं आणि ठाणे, भिवंडी-निजामपूर, मिरा-भाईंदर या तीन महापालिकांकडे आणि जिल्हा परिषदेच्या गावांकडे जातं. तुरटीची मात्रा, गढूळपणा, क्लोरीन, पंपाचा दाब, टाकीची पातळी हे सगळं इतक्या मोठ्या योजनेत कुणी दर मिनिटाला फिरून पाहू शकत नाही. म्हणून अशा योजनांच्या नियंत्रण कक्षात दूरच्या यंत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या ‘स्काडा’ प्रणालीचा पडदा असतो. ड्युटीवरच्या ऑपरेटरसाठी लांबचा पंप म्हणजे पडद्यावरचं एक चित्र आणि त्याच्या शेजारचा आकडा.

समजा टाकीची पातळी २.८ मीटर दिसते आहे. ती आत्ताची आहे की चार मिनिटांपूर्वीची? दोन्ही आकडे दिसायला अगदी सारखेच. मला या विषयातली सर्वांत गंभीर गोष्ट हीच वाटते. बिघडलेला पंप आवाज करतो, फुटलेली जलवाहिनी रस्त्यावर दिसते, पण थिजलेला आकडा काहीच सांगत नाही.

तो का थिजतो, हे समजायला संगणकाच्या पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या प्रोग्रामची रचना पाहावी लागते. माऊसची क्लिक, दाबलेली कळ, खिडकी पुन्हा रंगवण्याची सूचना, टायमरची घंटी, सगळं एका रांगेत उभं राहतं. रांगेतली कामं एकेक करून उरकणारा ‘थ्रेड’, म्हणजे प्रोग्राममधला कामाचा धागा, एकच असतो. त्यातलं एखादं काम दूरच्या टाकीला पातळी विचारायला गेलं आणि उत्तर यायला उशीर झाला, तर मागची सगळी रांग खोळंबते. रांगेकडे पाच सेकंद कुणी पाहिलं नाही, की विंडोज तो प्रोग्राम ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ धरते. त्याआधीच्या सेकंदांत मात्र पडदा धडधाकटच दिसतो.

उपाय उघड आहे: वेळखाऊ कामाला दुसरा थ्रेड द्यायचा. पण इथूनच खरी अडचण सुरू होते. समजा दोन पंप एकाच क्षणी ट्रिप झाले, म्हणजे आपोआप बंद पडले, आणि दोन थ्रेड धोक्याच्या सूचनांची संख्या वाढवायला निघाले. पहिल्याने ३ वाचले, दुसऱ्यानेही ३ वाचले, दोघांनी एकेक मिळवून ४ लिहिले. व्हायला हवे होते ५. एक सूचना हरवली, आणि पुन्हा तपासायला गेलं तर चूक सापडेलच असं नाही, कारण ती त्या दोघांच्या वेळेच्या योगायोगावर अवलंबून आहे.

मग प्रत्येक गोष्टीला कुलूप, म्हणजे ‘लॉक’, लावावं का? जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या सुरुवातीच्या काळात कोणत्याही थ्रेडने हात लावला तरी चालेल अशा खिडक्या बांधायचा प्रयत्न झाला होता. २००४ मध्ये सन मायक्रोसिस्टीम्सच्या ग्रॅहॅम हॅमिल्टन यांनी लिहिलं, की हे स्वप्न फसल्यासारखंच आहे. त्यांनी दिलेलं कारण मार्मिक आहे. वापरणाऱ्याची क्लिक यंत्रणेच्या तळातून वर येते आणि प्रोग्रामची आज्ञा वरून खाली जाते. दोघीही वाटेतली कुलपं लावत निघतात, पण उलट क्रमाने. मध्येच गाठ पडली की दोघीही एकमेकींची वाट पाहत कायमच्या अडकतात. म्हणून आज बहुतेक सगळ्या प्रणाल्यांचा नियम एकच आहे: खिडकीला फक्त तिच्याच थ्रेडने हात लावायचा. वॉर्डातले व्हॉल्व्ह फिरवायची चावी एकट्या चावीवाल्याकडे असते आणि बाकीचे त्याला निरोप देतात, तसं. इतर थ्रेडनी नवा आकडा निरोप म्हणून रांगेत ठेवायचा आणि आपल्या कामाला लागायचं. निरोप पोचेपर्यंत तिथेच थांबायचं ठरवलं आणि नेमका तेव्हाच खिडकीचा थ्रेड त्याच कामगार थ्रेडची वाट पाहत असला, तर पुन्हा तीच कोंडी.

टायमरबद्दल तर फारच गैरसमज आहेत. विंडोजच्या खिडकीला जोडलेल्या टायमरला ‘दर हजार मिलिसेकंदांनी’ असं सांगितलं, तर त्याचा अर्थ ‘हजारच्या आधी नाही’ एवढाच. रांगेत दुसरं काही असेल तर टायमरचा निरोप मागे राहतो. दहा वेळा वाजायची वेळ होऊन गेली तरी दहा निरोप साठत नाहीत, एकच मिळतो. आता दिवसाला २८ कोटी लिटर पाणी सोडणारी योजना कल्पनेत घ्या. सेकंदाला साधारण ३,२४० लिटर. कुणी दर टायमरला तेवढे लिटर मिळवत एकूण पुरवठा मोजत असेल आणि खिडकी दहा सेकंद अडकली, तर सुमारे तीस हजार लिटर हिशेबातून गायब! पाणी गेलेलं असतं, नोंद झालेली नसते. टायमर मोजू नयेत. प्रत्येक वेळी घड्याळाला विचारावं, की मागच्या नोंदीपासून किती वेळ गेला.

दुसऱ्या प्रकारचा टायमर स्वतंत्र थ्रेडवर वाजतो. तो रांगेत अडकत नाही, पण काम तीन सेकंदांचं आणि घंटी दर सेकंदाची असेल, तर पहिलं काम संपण्याआधी दुसरं आणि तिसरं त्याच डेटात शिरतं. तिथे टायमर एकदाच वाजेल असा लावावा आणि काम संपल्यावरच पुढची वेळ द्यावी.

हे सगळं किती महागात पडू शकतं, ते १४ ऑगस्ट २००३ ला अमेरिकेत दिसलं. ओहायोतल्या फर्स्टएनर्जी या वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षातली धोक्याच्या सूचना देणारी यंत्रणा दुपारी २.१४ च्या सुमारास मुकाट बंद पडली. दोन प्रक्रियांनी एकाच डेटात एकाच वेळी लिहिलं होतं आणि यंत्रणा न संपणाऱ्या फेऱ्यात सापडली होती. पुढे सर्व्हरही कोलमडले. एरवी एक ते तीन सेकंदांत ताजे होणारे पडदे ५९ सेकंदांपर्यंत रखडू लागले. उच्चदाब वाहिन्या एकामागून एक बंद पडत असताना ऑपरेटर शांत पडद्यावर विश्वास ठेवून बसले होते. चार वाजून गेल्यावर काही मिनिटांतच अमेरिका आणि कॅनडातल्या सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. झाडांच्या फांद्या, लोंबलेल्या तारा अशी कारणं अनेक होती, पण सावरायला हाताशी असलेला तासाहून अधिक वेळ त्या मुक्या यंत्रणेने खाल्ला.

पुढच्याच वर्षी, १४ सप्टेंबर २००४ ला, दक्षिण कॅलिफोर्नियाच्या हवाई नियंत्रण केंद्राचा विमानांशी रेडिओ संपर्क तुटला. मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटांचा गणक ४९.७ दिवसांनी पुन्हा शून्यावर येतो, आणि तोवर यंत्रणा बंद करून सुरू करायचं राहून गेलं होतं. रोज संध्याकाळी बंद होणाऱ्या ऑफिसच्या संगणकावर ही चूक जन्मात दिसली नसती. पाणीपुरवठा मात्र चोवीस तासांचा असतो.

म्हणून पाण्याच्या योजनांसाठी असा प्रोग्राम विकत घेताना निविदेत चाचण्या स्पष्ट लिहाव्यात असं मला मनापासून वाटतं. दूरच्या टाकीची केबल काढायची आणि पाहायचं: आकड्याचा रंग बदलतो का, शेजारी त्याची शेवटची वेळ दिसते का? संपर्क तुटलेला असतानाच ऑपरेटरला दुसऱ्या पंपाचं बटण दाबायला सांगायचं आणि पडदा लगेच प्रतिसाद देतो का ते पाहायचं. क्लोरीनची मात्रा आणि पंपाची सुरक्षा पडद्याच्या टायमरवर नाही, तर जागेवरच्या पीएलसी नियंत्रकावर अवलंबून आहे, हे संगणकाची वीज काढून सिद्ध करून घ्यायचं. आणि स्वीकृतीच्या सहीआधी तो प्रोग्राम एकदाही बंद न करता सलग पन्नास दिवस चालवायचा.