फ्रीजचा आवाज: कोणता नेहमीचा, कोणता धोक्याचा?



आम्ही मुंबईच्या उपनगरांतल्या, कुणी घाटकोपरची, कुणी मुलुंडची, पण माहेर मात्र गावाकडचं. आमच्या शेजारच्या विक्रोळीच्या गोदरेज कंपनीने १९५८ साली फ्रीज बनवायला सुरुवात केली, तेव्हा ती श्रीमंतांची वस्तू होती. आज गावातही हप्त्यावर फ्रीज येतो. त्यात दूध असतं, गटाचं पनीर असतं, कुणाचं इन्सुलिन असतं. म्हणून फ्रीज कुरकुरला की आपला जीव खालीवर होतो. मेकॅनिक तालुक्याहून येणार, पैसे किती सांगणार? तर आवाज ओळखायला शिकूया.

काळजी नको असे आवाज

फ्रीजच्या मागे, खालच्या बाजूला काळा डबा असतो, तो कॉम्प्रेसर. तो नळ्यांतून गॅस फिरवतो आणि हा गॅस आतली उष्णता बाहेर नेतो. म्हणून थोडी घरघर, गॅस वाहताना खळखळ किंवा बुडबुड, चालू-बंद होताना एखादा ‘टक्’ हे नेहमीचंच. प्लॅस्टिक गार-गरम होताना तडतडतं, त्यालाही घाबरू नका.

आपणच थांबवू असे आवाज

खडखड होत असेल तर आधी फ्रीज हलतोय का ते पाहा. फरशी उंचसखल असेल तर पुढचे पाय फिरवून तो नीट बसवा. वरची भांडी काढा. मागची जाळी भिंतीला लागत असेल तर वीतभर पुढे ओढा. हवा खेळली की आवाजही कमी आणि बिलही कमी. जाळीवरची धूळ प्लग काढूनच झाडा.

गुणगुण होते, ‘टक्’ वाजतं, सगळं शांत होतं आणि काही मिनिटांनी पुन्हा तेच? मग कॉम्प्रेसरला सुरूच होता येत नाही. घरातले दिवे मंद असतील तर व्होल्टेज कमी आहे. फ्रीज बंद ठेवा आणि व्होल्टेज सुधारल्यावरच लावा. हे नेहमीचं असेल तर स्टॅबिलायझर घ्या. वीज जाऊन आली तरी पाच मिनिटं थांबून मगच फ्रीज सुरू करा.

गार होत नाही, पाणी गळतं

दारात कागद धरून दार लावा. कागद सहज निघाला तर रबर सैल आहे. रबर साबणाच्या कोमट पाण्याने पुसा, फाटलं असेल तर बदला. बर्फाचा थर करंगळीच्या अर्ध्याएवढा जाड झाला की फ्रीज बंद करून वितळू द्या. भाजीच्या ट्रेखाली पाणी साचत असेल तर आतल्या मागच्या भिंतीचं बारीक भोक तुंबलेलं असतं. ते कोमट पाण्याने मोकळं करा.

वीज गेली तर दार उघडू नका. बंद फ्रीज साधारण चार तास गारवा धरतो. इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही.

इथे मात्र लगेच थांबा

हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, जळका वास आला किंवा वायर गरम लागली, तर फ्रीजला हात न लावता आधी मेन स्विच बंद करा. अर्थिंग तपासून घेतल्याशिवाय पुन्हा लावू नका.

बर्फ सुरीने खरवडू नका. नळीला भोक पडून ‘फुस्स’ आवाज आला तर दारं-खिडक्या उघडा. काडी पेटवू नका, जवळचं कुठलंही बटण दाबू नका. पुष्कळ नव्या फ्रीजमधला गॅस पेट घेणारा असतो.

पुराचं पाणी फ्रीजमध्ये शिरलं असेल तर वरून पुसून सुरू करू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि उपनगरांत घराघरांत पाणी शिरलं. २०१९ ला सांगली-कोल्हापूरने पूर पाहिला. अशा वेळी आतल्या वायरी पूर्ण वाळल्या आहेत का, हे मेकॅनिकने पाहिल्यावरच प्लग लावायचा.

मेकॅनिकला हे विचारा

“कॉम्प्रेसर गेला,” म्हणाला तर विचारा, “दादा, रिले आणि ओव्हरलोड तपासलंत का?” हे छोटे भाग कॉम्प्रेसरपेक्षा फार स्वस्त असतात. “गॅस संपला,” म्हणाला तर विचारा, “गळती कुठे आहे?” फ्रीजचा गॅस सिलिंडरसारखा वापरून संपत नाही. तो कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतो. गळती न बुजवता गॅस भरला तर तोही जाईल आणि आपले पैसेही. बदललेला जुना भाग आणि पावती मागून घ्या. संकोच करायचं कारण नाही, पैसे आपल्या कष्टाचे आहेत.

आज रात्री घर शांत झालं की दोन मिनिटं आपल्या फ्रीजजवळ थांबा. त्याचा नेहमीचा आवाज कानात बसला की बिघडलेला आवाज तुम्हाला लगेच कळेल. आणि गटाच्या पुढच्या बैठकीत मेकॅनिकला विचारायचे हे दोन प्रश्न सगळ्याजणींना नक्की सांगा.