एकफलकी संगणक आणि मोबाईलवरील खेळ : मेळ कोठे चुकतो?

एकाच छापील फलकावर प्रोसेसर, स्मृती आणि जोडणीची द्वारे बसविलेल्या लहान संगणकास एकफलकी संगणक म्हणतात. इंग्लंडमधील केंब्रिज येथील रास्पबेरी पाय फाउंडेशनने २९ फेब्रुवारी २०१२ रोजी आपला असा पहिला संगणक विक्रीस आणला. त्याची किंमत ३५ डॉलर होती. शाळकरी मुलांनी संगणक नुसता वापरू नये, त्यासाठी आज्ञावली लिहावयास शिकावे, हा त्यामागील हेतू होता. आज शाळा, ग्रंथालये व छंदमंडळे यांतून असे संगणक वापरले जातात.

या फलकावरील प्रोसेसर ‘आर्म’ कुळातील आहे आणि बहुतेक मोबाईल फोनांतील प्रोसेसरही त्याच कुळातील असतो. यास्तव मोबाईलवर चालणारा खेळ या संगणकावरही चालावा, अशी अपेक्षा स्वाभाविकपणे केली जाते. प्रत्यक्षात मात्र पुष्कळदा निराशा पदरी येते. खेळाची फाइल डोळ्यांसमोर दिसत असते आणि संगणक उत्तर देतो की, अशी फाइल अस्तित्वातच नाही. मग यंत्र सदोष ठरते व कपाटात जाऊन पडते. वस्तुतः यंत्र निर्दोष असते. त्याच्या अंगभूत रचनेचा व खेळाच्या रचनेचा मेळ बसलेला नसतो.

एक कुळ, दोन लिप्या

प्रोसेसरला दिलेली प्रत्येक आज्ञा शेवटी अंकांच्या रूपात लिहिलेली असते. आर्म कुळात ही आज्ञा लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत. एक जुनी, ३२ बिटांची. दुसरी २०११ साली जाहीर झालेली, ६४ बिटांची. महसुली दप्तरातील मोडी कागद केवळ बाळबोध जाणणाऱ्या लिपिकापुढे ठेवला, तर भाषा मराठी असूनही त्याला तो वाचता येत नाही. येथेही तसेच घडते.

३२ बिटांच्या आज्ञावलीला ४ गिगाबाइटपेक्षा अधिक स्मृती एका वेळी हाताळता येत नाही, हे नव्या पद्धतीकडे वळण्याचे एक मुख्य कारण होय. रास्पबेरी पाय ४ व ५ यांवरील प्रोसेसर दोन्ही लिप्या जाणतात. तथापि केवळ प्रोसेसर जाणता असून भागत नाही. त्याच्यावर कर्नल, म्हणजे संगणकाचा कारभार पाहणारा गाभा, असतो. त्याच्याही वर लायब्ररी, म्हणजे सर्व आज्ञावलींना लागणारी सामाईक सामग्री, असते. खेळ चालण्यासाठी या तिन्ही थरांवर त्याची लिपी ओळखली गेली पाहिजे.

विसंगती कशी निर्माण झाली?

रास्पबेरी पाय ३ हा २०१६ सालचा फलक ६४ बिटांचे काम करण्यास समर्थ होता. परंतु २०१२ पासूनच्या सर्व फलकांवर एकच प्रणाली चालावी, म्हणून अधिकृत प्रणाली ३२ बिटांचीच राहिली. ६४ बिटांची अधिकृत प्रणाली २ फेब्रुवारी २०२२ रोजी आली. पुढे २०२३ मध्ये रास्पबेरी पाय ४ वरील ३२ बिटांच्या प्रणालीतही कर्नल आपोआप ६४ बिटांचा सुरू होऊ लागला. लायब्ररी मात्र ३२ बिटांचीच राहिली.

‘यूनेम’ या आज्ञेने विचारणा केल्यास कर्नल आपली ओळख ६४ बिटांची म्हणून देतो. त्या उत्तरावर विसंबून ६४ बिटांचा खेळ घेतला जातो. असा खेळ स्मृतीत चढविणारी त्याच लिपीची साहाय्यक आज्ञावली लायब्ररीत नसते. ‘फाइल नाही’ हा संदेश खेळाविषयी नसून या न सापडलेल्या साहाय्यकाविषयी असतो.

अँड्रॉइडच्या खेळांची गोष्ट थोडी निराळी आहे. त्यांचा काही भाग कोणत्याही प्रोसेसरसाठी चालेल अशा मध्यस्थ रूपात असतो. परंतु चित्रे व हालचाली वेगाने दाखविणारा भाग बहुधा विशिष्ट प्रोसेसरसाठीच तयार केलेला असतो. तो भाग ज्या लिपीत असेल, त्या लिपीची अँड्रॉइड प्रणाली फलकावर असावी लागते. ‘वेड्रॉइड’सारखी सोय लिनक्सच्याच कर्नलवर अँड्रॉइड चालवीत असल्याने तेथेही हा मेळ पाहावाच लागतो.

जुन्या खेळांचे काय?

मोजांग कंपनीने ‘माइनक्राफ्ट’ या खेळाची मोबाईल आवृत्ती रास्पबेरी पायसाठी २०१३ मध्ये विनामूल्य दिली. पायथन भाषेत चार ओळी लिहून मुलांना त्यातील भिंती व घरे उभारता येत. ही आवृत्ती केवळ ३२ बिटांची आहे आणि तिचा मूळ मजकूर खुला नाही. त्यामुळे शिक्षकांना ती स्वतः नव्या लिपीत उतरवून घेता येत नाही. याउलट, पूर्वी ‘माइनटेस्ट’ व २०२४ पासून ‘लुआंटी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तत्सम खेळाचा मूळ मजकूर सर्वांस खुला आहे. म्हणून तो नव्या-जुन्या दोन्ही रचनांवर, तसेच अँड्रॉइडवरही, तयार करून घेता येतो.

मोबाईलच्या क्षेत्रातही जुनी लिपी मागे पडत आहे. ॲपलने २०१७ मध्ये आयओएस ११ पासून ३२ बिटांचे खेळ चालविणे बंद केले. गूगलने १ ऑगस्ट २०१९ पासून आपल्या प्ले स्टोअरवर येणाऱ्या अशा आज्ञावलींना ६४ बिटांची आवृत्ती देणे बंधनकारक केले.

उपाय व दक्षता

प्रथम तिन्ही थर तपासावेत. कर्नलसाठी ‘यूनेम’ची आज्ञा पुरते, लायब्ररी किती बिटांची आहे, हे ‘गेटकॉन्फ लाँग बिट’ या आज्ञेने कळते. दोन उत्तरे जुळत नसल्यास खेळ लायब्ररीच्या लिपीतला घ्यावा, किंवा सबंध प्रणालीच ६४ बिटांची बसवावी. ६४ बिटांच्या प्रणालीवर जुना खेळ चालवावयाचा असल्यास ३२ बिटांची लायब्ररी शेजारी बसविता येते. दोन्ही सुखाने नांदतात. रास्पबेरी पाय ५ चा नेहमीचा कर्नल स्मृतीची पाने १६ किलोबाइटची धरतो. ४ किलोबाइटच्या पानांवर अवलंबून असलेले काही जुने खेळ त्यामुळे अडतात. त्यासाठी ४ किलोबाइटचा कर्नल निवडण्याची सोय आहे. आज्ञांचे जागच्या जागी भाषांतर करणारी अनुकरण-आज्ञावली हा शेवटचा मार्ग होय. त्यात वेग घटतो.

शाळेसाठी किंवा ग्रामपंचायतीच्या ग्रंथालयासाठी असे संगणक घेताना मागणीपत्रात केवळ स्मृती व किंमत नमूद करणे पुरेसे नाही. प्रणाली किती बिटांची आहे, अभ्यासासाठी योजलेल्या आज्ञावली त्याच रचनेच्या आहेत काय, त्यांचा मूळ मजकूर खुला आहे काय, हेही विचारले जावे. पुरवठा स्वीकारताना त्यांतील एक आज्ञावली समक्ष चालवून पाहणे हितावह ठरेल. एवढी दक्षता घेतली, तर सुस्थितीतील यंत्र ‘नादुरुस्त’ म्हणून कपाटात बंद होणार नाही आणि मुलांच्या हाती आलेली संधी वाया जाणार नाही.